जालन्याजवळचे विसावा शिबिर : तीन दिवसांचा अनुभव आणि अभिप्राय

गेल्या उपवासकाळात, म्हणजे राखेचा बुधवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामधल्या दिवसांत, मी जालना शहराबाहेरच्या एका जुन्या मिशनच्या आवारात तीन दिवसांच्या विसावा शिबिराला राहून आलो. शिबिराचे नाव येथे देत नाही, कारण एका वेळी चौदा जणांचीच सोय तिथे होते आणि चौकशी आपापल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांमार्फत करावी अशी चालकांची विनंती आहे. परंतु ज्यांना जावेसे वाटेल त्यांना तिथे काय मिळते, काय मिळत नाही आणि काय घेऊन जावे लागते हे आधी ठाऊक असावे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या शिबिराने मला विसावा दिला तो पश्चात्तापाच्या वाटेने दिला, आणि ती वाट प्रार्थनेच्या खोलीत संपू दिली नाही. माझ्या थोरल्या भावाच्या शेताच्या बांधापर्यंत ती मला घेऊन गेली. माझ्या मते शिबिराचे सारे मोल यात आहे, आणि त्यातल्या उणिवाही मी याच मापाने मोजणार आहे.

मी बीड जिल्ह्यातला. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो, गावाकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि आमच्या मंडळीचा खजिनदार म्हणून अनेक वर्षे काम पाहिले आहे. शिबिराला गेलो तेव्हा मी थकलेलो होतो, पण तो थकवा कामाचा नव्हता. रात्री अकराला पाठ टेकली तरी दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसे. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितले. ते सर्व करूनही छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे काही गेले नाही. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्र ३२ मध्ये दावीद राजा सांगतो की आपले पाप लपवून तो गप्प राहिला तोवर त्याची हाडे जीर्ण होत गेली आणि उन्हाळ्याच्या तापाने ओलावा सुकावा तसा त्याचा जीव सुकत गेला. ते स्तोत्र मी मंडळीत किती तरी वेळा उभा राहून वाचले होते. ते माझ्याच हाडांविषयी आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

शिबिराची जागा साधी आहे. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून कच्च्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आणि त्यांच्या पलीकडे काढणीला आलेली ज्वारी. आवारात कडुनिंबाची जुनी झाडे, काळ्या दगडाची एक लांबट इमारत, तिच्या मागे स्वयंपाकघर आणि एका टोकाला लहानसे प्रार्थनामंदिर. जालन्याच्या परिसराला ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात एक खास स्थान आहे, आणि शिबिर चालवणारे निवृत्त पाळक पहिल्या संध्याकाळी त्याची आठवण करून देतात. ब्राह्मण घराण्यात जन्मलेले आणि १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला काम करू लागले आणि त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक गाव वसवले. ज्यांना गावकुसाबाहेरच राहावे लागत होते अशा माणसांना तिथे घर आणि शेत मिळाले. त्या गावाचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. पवित्र शास्त्रात हे नाव त्या जागेला याकोबाने दिले, जिथे तो उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला होता आणि जिथे त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी स्वप्नात दिसली.

हे ऐकत असताना याकोब तिथे उघड्यावर का झोपला होता, हा प्रश्न मला प्रथमच बोचला. आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद त्याने लाटला होता आणि भावाच्या भीतीने तो घर सोडून पळत होता. पाळकसाहेबांनी त्या संध्याकाळी यावर एक शब्दही अधिक काढला नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि सर्वांना जेवायला पाठवले.

पहिल्या दिवसाविषयी थोडे लांबवून सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक शिबिरे इथेच चुकतात. मी यापूर्वी निरनिराळ्या ठिकाणी चार-पाच आत्मिक मेळावे पाहिले आहेत. तिथे उतरल्याबरोबर गीते, साक्षी आणि संदेश यांचा मारा सुरू होतो आणि रात्री दहापर्यंत माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. येथे पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच करायचे नसते. मोबाईल एका लाकडी पेटीत जमा करून घेतात, घरच्यांना तातडीच्या निरोपासाठी कार्यालयाचा क्रमांक आधीच दिलेला असतो, आणि मग सांगतात की जेवा आणि झोपा. दुपारी दोनला मी आडवा झालो आणि कोणीतरी हाक मारली तेव्हा साडेसहा वाजले होते. मला शरम वाटली. तीन दिवस प्रार्थनेसाठी म्हणून आलो आणि पहिली दुपार झोपेत घालवली, असे मी बोलूनही दाखवले. त्यावर पाळकसाहेबांनी एलीयाची गोष्ट काढली. ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळालेला तो संदेष्टा एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देव त्याला रागावत नाही आणि उपदेशही करत नाही. एलीया झोपतो, देवदूत येऊन त्याला उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी असते, तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातल्यानंतरच त्याला होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट चालायची असते, आणि तिथे पोहोचल्यावर देव त्याला विचारतो की तू येथे काय करीत आहेस. पाळकसाहेब म्हणाले, “प्रश्न उद्या विचारू. आज भाकर खा.”

भाकरी खरोखरच उत्तम होती. चुलीवरची ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी आणि सोबत कांदा. उपवासकाळ असल्यामुळे तीनही दिवस मांसाहार नव्हता आणि त्याची उणीव कोणालाही भासली नाही. ज्यांना पूर्ण उपवास करायचा होता त्यांना मोकळीक होती, पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रुग्णांना उपवासाचा आग्रह कोणी केला नाही, उलट मला गोळीच्या वेळेला आठवणीने बोलावून खाऊ घातले.

दुसरा दिवस हा या शिबिराचा गाभा आहे. पहाटे पाचला उठवतात. उपासनेनंतर पाऊण तासाचा एक पाठ होतो, आणि तो पाठ ‘पश्चात्ताप’ या एका शब्दावर होता. आपल्या मराठी शब्दात ‘ताप’ आहे. हातून काही घडून गेल्यानंतर जिवाला होणारा दाह तो सांगतो, आणि तो दाह खरा असतो. इब्री भाषेत मात्र संदेष्टे यासाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ वळणे, माघारी फिरणे असा आहे, तर नव्या करारातला ग्रीक शब्द मनच पालटण्याविषयी बोलतो. म्हणून येशूचा शिष्य पेत्र आपल्या उपदेशात लोकांना नुसते पस्तावायला सांगत नाही, पश्चात्ताप करून वळा असे सांगतो, आणि त्याच वाक्यात पुढे प्रभूकडून येणाऱ्या विश्रांतीच्या समयाचे वचन देतो. नुसत्या तापाने कोणाला विसावा मिळत नाही, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अकरा वर्षे मी त्या तापात होतो आणि वळलो मात्र नव्हतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ साली जे ९५ सिद्धांत मांडले त्यांतला पहिलाच सिद्धांत असा आहे की ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्याचे अवघे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे असा त्याचा आशय होता. याचाही उल्लेख त्या पाठात झाला, पण ओझरता.

पाठानंतर प्रत्येकाच्या हातात एक कोरा फुलस्केप कागद आणि एक पेन्सिल दिली गेली आणि दुपारी एकपर्यंत मौन पाळायला सांगितले गेले. सूचना फक्त एक होती, आणि ती मला आजही शब्दशः आठवते. “‘मी पापी आहे’ असे लिहू नका, ते आम्हां सर्वांना ठाऊक आहे. कोणाचे, काय, किती आणि केव्हा, एवढेच लिहा.” मी हिशेबाचा माणूस, ही सूचना माझ्या ओळखीच्या भाषेतली होती आणि तरीही मला ती पाळता येईना. कडुनिंबाखालच्या पारावर बसून मी जवळजवळ दीड तास लिहिले आणि कागदाच्या दोन्ही बाजू भरून दुसरा कागद मागायला गेलो. पाळकसाहेबांनी माझा कागद हातात घेतला नाही. त्यांनी फक्त विचारले, “यात तुमचे किती आणि दुसऱ्याचे किती?”

मी पारावर परत आलो आणि वाचले. दोन्ही बाजू माझ्या भावाच्या चुकांनी भरलेल्या होत्या: वाटणीच्या वेळी त्याने बैलजोडी ठेवून घेतली, आईच्या औषधाचा खर्च माझ्यावर टाकला, वहिनी माझ्या बायकोला चार माणसांत बोलली. तारखांसकट सारे अचूक होते. माझे स्वतःचे म्हणून त्यात एक ओळही नव्हती. तेव्हा मी रबर मागून आणला नाही. कागदाच्या समासात, उभ्या ओळीत, लहान अक्षरांत लिहिले. बांध. लांबी सुमारे सहाशे फूट. दरवर्षी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला मी सांगत असे की बांधाला जरा लागूनच घे, आणि अकरा वर्षांत माझी हद्द दादाच्या शेतात पाच फूट आत गेली होती. सहाशे गुणिले पाच म्हणजे तीन हजार चौरस फूट. एका गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. म्हणजे पावणेतीन गुंठे. त्या खाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती लिहिताना माझा हात थरथरत होता. दादाने गावातल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावून तक्रार केली होती, तेव्हा मी सर्वांसमोर साफ नाकारले होते, आणि मी मंडळीचा खजिनदार म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी दादाला खोटे ठरवले होते. त्यानंतर दादा मंडळीत यायचा बंद झाला.

शेजाऱ्याची मेर, म्हणजे शेताची हद्द, सरकवणारा शापित असो, असे पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे आणि सर्व लोकांनी त्यावर आमेन म्हणावे असेही लिहिलेले आहे. मराठवाड्यात ज्याच्याकडे दोन एकर जमीन आहे त्याला या वचनाचा अर्थ सांगावा लागत नाही. बांध कोरण्यावरून भावाभावांचे बोलणे तुटल्याची, कोर्टकचेरीत आयुष्ये गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत, आणि ती करणारे आपण सर्वच जण देवळात, मशिदीत किंवा मंडळीत जाणारे असतो. मी त्या वचनावर मंडळीसोबत आमेन म्हटलेले आहे.

आता या शिबिराची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती सांगतो. अशा प्रकारचा कागद मी आधीच्या मेळाव्यांतही लिहिलेला होता. तिथे रात्री मोठी शेकोटी पेटवतात, सर्वजण आपापला कागद तिच्यात टाकतात, टाळ्या वाजतात, गीते होतात आणि माणूस हलका होऊन घरी येतो. तो हलकेपणा मी दोनदा अनुभवला आहे आणि दोन्ही वेळा तो पुढच्या आठवड्यातच ओसरला. या शिबिरात कागद जाळू देत नाहीत. संध्याकाळच्या पापांगीकारात प्रत्येकाने तो देवासमोर मनात वाचायचा, ज्याला हवे त्याने पाळकांजवळ एकांतात वाचायचा, आणि मग त्याची घडी घालून खिशात ठेवायचा. कारण देवाने क्षमा केली तरी ज्याचे आपण घेतले आहे तो माणूस अजून आपल्या गावात आहे, आणि कागदाची राख झाली तर त्याच्याकडे काय घेऊन जाणार, असे पाळकसाहेब म्हणाले.

मी त्यांच्याजवळ एकांतात बसलो तेव्हा त्यांनी मला धीर देण्याची घाई केली नाही. मी रडलो, आणि ते रडू संपेपर्यंत ते गप्प बसून राहिले. नंतर मी विचारले की आधी जमीन परत करून मग क्षमा मागावी काय. त्यावर त्यांनी शुभवर्तमानातल्या जक्कयाकडे, त्या श्रीमंत जकातदाराकडे, बोट दाखवले. जक्कय उंबराच्या झाडावर होता तेव्हाच येशूने त्याला नावाने हाक मारली आणि मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हटले; चौपट परत देईन हे जक्कय त्यानंतर बोलला. परतफेड ही क्षमेची किंमत नसते. क्षमा पदरी पडली की लाटलेली वस्तू माणसाला आपल्या घरात ठेववत नाही, एवढेच. हे मला पुस्तकांतून माहीत होते. त्या संध्याकाळी, त्या खोलीत, ते माझ्याविषयी बोलले गेले आणि ख्रिस्ताने माझेही ओझे वधस्तंभावर वाहिले आहे यावर मी लहानपणानंतर प्रथमच खराखुरा विश्वास ठेवला. त्या रात्री मी साडेनऊला झोपलो आणि पहाटेच्या घंटेने जागा झालो. गोळी घेतली होती, हे खरे आहे. पण गोळी तर मी दोन वर्षे घेत होतो.

कष्टी आणि भाराक्रांत लोकांना येशूने जे बोलावणे केले आहे त्यात ‘विसावा’ हा शब्द मराठीत फार नेमका उतरला आहे. पालखीच्या वाटेवर जिथे खांद्यावरचा भार घडीभर उतरवतात त्या जागेला आपण विसावा म्हणतो, आणि तिथून पुढे वाट चालायची असतेच. येशूही त्या बोलावण्यात माझे जू आपणांवर घ्या असेच पुढे म्हणतो. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताची गीते अभंग आणि ओवी यांच्या घाटात रचली, ती का इतकी आपली वाटतात हे तिसऱ्या दिवशीच्या भजनात कळते. पेटी, टाळ आणि मृदंग एवढ्यावर एक तासाचे भजन झाले. गाणाऱ्यांत कोणीही नावाजलेले नव्हते आणि तरीही मला ते मोठ्या ध्वनियंत्रणेवरच्या गीतांपेक्षा खोल गेले. प्रभुभोजन त्यानंतर झाले. वेदीपाशी आपले दान ठेवून आधी भावाशी समेट करण्याविषयीचे वचन वाचले गेले तेव्हा मी भाकर घ्यावी की नाही या विचारात पडलो, आणि पाळकसाहेबांनी मला खूण करून पुढे बोलावले, कारण वळलेल्या माणसाला वाटेसाठी शिदोरी लागते असे ते आदल्या दिवशी म्हणाले होते.

उणिवा आहेत आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून आलेल्या एका वक्त्यांचा संदेश दीड तास चालला आणि सकाळच्या मौनाने जे कमावले होते त्यातले बरेच त्याने उधळले. पश्चात्ताप केला की कर्ज फिटते, आजार जातो, पीक दुप्पट येते असा त्यांचा सूर होता. ज्या भागात पावसाने ओढ दिली की पेरणी वाया जाते आणि चांगल्या, प्रामाणिक, देवभीरू माणसांच्या डोक्यावरही कर्ज चढते, तिथे असे बोलणे क्रूर आहे, कारण ज्याचे कर्ज फिटत नाही त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की तुझा पश्चात्ताप खोटा आहे. आमच्यातला एक शेतकरी त्यानंतर संध्याकाळपर्यंत मान खाली घालून बसला होता. योएल संदेष्ट्याने टोळांनी खाल्लेली वर्षे भरून देण्याचे वचन सांगितले आहे, हे खरे; पण त्याच अध्यायात तो त्याआधी वस्त्रे नव्हे तर हृदये फाडा असे सांगतो, आणि पिकाच्या लोभाने हृदय फाटत नसते. मी हे शिबिराच्या चालकांना लेखी कळवले आहे आणि त्यांनी त्याची दखल घेऊ असे सांगितले आहे.

दुसरी उणीव मला अधिक सलते. स्वयंपाकघरातल्या तिघी मावशी तीनही दिवस चुलीपुढेच होत्या. आम्हांला मौन, पाठ आणि प्रार्थना मिळावी म्हणून त्यांनी दिवसाला शंभराच्या वर भाकरी थापल्या, आणि एकाही पाठाला त्या बसू शकल्या नाहीत. येशू घरी आला असता कामात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया यांची गोष्ट आपण इतक्या वेळा सांगतो, मग मार्थेला चुलीपासून उठवून बसायला जागा करून देणे आपल्याला का सुचत नाही? शेवटच्या दिवशी आम्ही पाच-सहा पुरुषांनी भांडी घासली आणि त्या तासाभरासाठी मावशी प्रार्थनामंदिरात जाऊन बसल्या. हे प्रत्येक शिबिरात, ठरवून, पहिल्या दिवसापासून व्हायला हवे.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. न्हाणीघरे इमारतीपासून लांब आहेत आणि रात्री वाटेत उजेड कमी असतो, म्हणून बॅटरी न्यावी. अंथरूण-पांघरूण आपले आपल्याला न्यावे लागते, हे आधी कोणी सांगत नाही. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी तळमजल्यावर दोनच खोल्या आहेत. शुल्क ठरलेले नाही. निघताना दाराजवळच्या पेटीत ऐपतीप्रमाणे टाकायचे असते, आणि कोणी किती टाकले याकडे कोणीही पाहत नाही.

ज्यांना नुसता निवांतपणा हवा आहे त्यांनी येथे जाऊ नये. त्यासाठी लेकीकडे किंवा मामाच्या गावी चार दिवस राहणे अधिक बरे. ज्यांचे दुःख दुसऱ्याच्या अपराधामुळे आहे, ज्यांना मारले किंवा फसवले गेले आहे, त्यांनीही जाण्याआधी पाळकसाहेबांशी बोलून घ्यावे, कारण दुसऱ्या दिवसाचा कागद त्यांच्यासाठी नाही आणि सहन करणाऱ्याच्या हातात तो चुकूनही पडता कामा नये. ही काळजी तिथे घेतली जाते, हे मी पाहिले. आमच्यातल्या एका बाईंना कागद दिलाच नव्हता, त्यांच्याजवळ सकाळभर पाळकसाहेबांच्या पत्नी बसून होत्या.

शिबिराहून परत आल्यावर चौथ्या दिवशी मी गावी गेलो. याकोब वीस वर्षांनी परतला तेव्हा त्याचा थोरला भाऊ एसाव त्याला पाहून धावत आला आणि गळ्यात पडून रडला. माझा दादा धावत आला नाही. तो गोठ्यापुढे बाजेवर बसून दावे वळत होता. मी चपला काढल्या, कागद उलगडला आणि समासातल्या ओळी वाचून दाखवल्या. त्याचे हात थांबले. बराच वेळ तो माझ्याकडे न पाहता अंगणाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “मला ठावं हुतं. बाकीच्यांला कोण सांगंल?” आम्ही दोघे टेप घेऊन शेतावर गेलो. जुन्या बांधाचा एक दगड अजून जागेवर होता. त्या दगडापासून मोजले तर पाच फुटांच्याही वर दोन बोटे निघाली. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आम्ही दोघांच्या सह्यांनी दिला, आणि मोजणी होईपर्यंत थांबायचे नाही म्हणून त्याच आठवड्यात खुणा रोवल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो. ज्यांच्यासमोर खोटे बोललो होतो त्या चौघांपैकी दोघे आता हयात नाहीत. उरलेल्या दोघांना मी आधी घरी जाऊन भेटलो होतो. खजिनदारपदाचा राजीनामा दिला आणि दादा खरे बोलला होता, मी खोटे बोललो होतो, हे तेवढ्याच शब्दांत सांगितले. दादा त्या दिवशी आला नव्हता. वहिनी आल्या होत्या आणि मागच्या ओळीत बसल्या होत्या.

दादा अजूनही मंडळीत नियमित येत नाही, आणि त्याला त्याबद्दल विचारण्याचा अधिकार मला नाही. पेरणीच्या वेळी मात्र त्याने माझ्या शेतात तिफण धरली. परवा दुपारी बांधावर भाकरी खाताना त्याने त्या शिबिराविषयी स्वतःहून विचारले: पुढच्या उपवासकाळात जागा मिळेल काय, आणि गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही तर खाली सोय होईल काय. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी एक त्याच्यासाठी ठेवावी, असे पत्र मी पाळकसाहेबांना कालच टाकले आहे.